सुभेदाराची बायको

सुभेदार हा पेपरातला बोका. आमच्याकडे जो पेपर येतो त्याच्या आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, तीन चौकोनांत तो रोज असतो. माझं लग्न झालं त्याच्या आधीपासून आहे. जाडा, करडा, एका कानाचं टोक तुटलेलं. नाना नावाच्या एका पेन्शनर माणसाच्या घरात लोखंडी ट्रंकेवर बसलेला असतो. नाना काहीतरी करायला जातो, ते बिघडतं, आणि शेवटच्या चौकोनात सुभेदार एक वाक्य बोलतो. कधी तेवढंही बोलत नाही.

ज्यांनी तो वाचला नाही त्यांना सांगून कळेल असं वाटत नाही, तरी सांगतो. एकदा नाना स्टुलावर चढून ओरडतो, "सुभेदार, उंदीर आला!" दुसऱ्या चौकोनात सुभेदार एक डोळा उघडतो. तिसऱ्यात तो डोळा मिटून म्हणतो, "आलाय तर बसू दे." संपलं. दुसऱ्या एका दिवशी नाना कोणाच्या तरी लग्नाला जातो. पहिल्या चौकोनात कुलूप लावतो. दुसऱ्यात नुसतं रिकामं घर. तिसऱ्यातही तेच घर, आणि ट्रंकेवरून सुभेदार म्हणतो, "आता कंटाळा करायला मोकळा."

मी काही फार वाचणारा माणूस नाही. पण मला तो आवडतो, कारण तो काही शिकवत नाही. पेपरात बाकी सगळं बदलत राहिलं. आमचा जिल्हा ठाण्याचा पालघर झाला, नोटा बदलल्या, पेपरातली अक्षरं बारीक झाली. सुभेदार ट्रंकेवरून उतरला नाही. मध्ये एकदा काढणारा हात बदलला असावा. शेपूट एकदम जाड झाली. माझ्या लक्षात आलं नव्हतं. हिरकणी सकाळी पेपर उघडून म्हणाली, "अहो, हा दुसऱ्याने काढलाय. ह्याला बोका माहीत आहे, पण सुभेदार माहीत नाही." आठवड्याभराने शेपूट पुन्हा बारीक झाली. तेव्हा ती म्हणाली, "शिकला."

हिरकणी माझी बायको. पेपरातलं ती एवढंच वाचायची.

आमची चिकूची वाडी नरपडला, डहाणू स्टेशनपासून जवळ. झाडावरून उतरवलेले चिकू शेडमध्ये येतात, पिंपात धुतले जातात, वाळले की बायका आकाराप्रमाणे निवडतात आणि पेट्यांत भरतात. पेटीच्या तळाला जुना पेपर घालतात. निवडणाऱ्या बायका तलासरीकडच्या, बहुतेक झरीच्या. टेम्पोतून सकाळी येतात, संध्याकाळी जातात. दहाच्या सुमाराला चहा होतो. चहाच्या वेळी हिरकणी पालथ्या पेटीवर बसायची आणि बायकांना सुभेदार वाचून दाखवायची. वाचून झालं की तो तुकडा फाडून घ्यायची आणि शिताने बाजूच्या प्लायवूडच्या दारावर चिकटवायची. कालच्यावर आजचा. शेड बांधल्यापासून एकाच जागी चिकटवत होती. त्यामुळे दाराचा तेवढा भाग पुठ्ठ्यासारखा जाड झाला होता. मुंग्या यायच्या, पाली यायच्या. मी म्हणायचो, "डिंक आणून देतो." ती म्हणायची, "डिंक कशाला? भात आहे ना घरात."

मी त्या वेळी शेडच्या दुसऱ्या टोकाला असायचो. तिथे मोटर चालू असते, धुण्याचं पिंप फिरत असतं. मी फोनवर दिल्लीच्या किंवा अहमदाबादच्या व्यापाऱ्याला भाव विचारत असायचो. मला शब्द ऐकू यायचे नाहीत, फक्त हसणं ऐकू यायचं. तीन चौकोनांना इतका वेळ कसा लागतो, असं मला कधी वाटलं नाही.

२०१८ च्या गणपतीनंतर हिरकणी गेली. पोटाचं दुखणं होतं. सीमेपलीकडे गुजरातमधल्या दवाखान्यात नेली होती, मी बरोबर होतो, तिथेच गेली. फोन सगळे जतीनने केले. जतीन आमचा मुलगा, वापीला केमिकलच्या कंपनीत आहे, बायको मयुरासह तिकडेच राहतो. दिवस त्यानेच घातले. जे भेटायला आले ते कळूनच आले, त्यामुळे मला कोणाला काही सांगावं लागलं नाही. मी जेवत होतो, झोपत होतो, झाडांना पाणी सोडत होतो. लोक म्हणाले, हरिश्चंद्रभाऊ धीराचा माणूस आहे. धीर वगैरे नव्हता. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग आपल्या गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा गाल वाटतो. तसं होतं. ते उतरलं नाही.

पेपर बंद करायचा राहिला. तो येत राहिला. सुभेदार रोज ट्रंकेवर होता. मी वाचायचो. हसू यायचं नाही, पण वाचल्याशिवाय चहा घेत नव्हतो.

दिवाळीनंतर माल वाढला आणि बायका पुन्हा यायला लागल्या. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी रूपी म्हणाली, "शेठ, पेपर आला का?"

रूपी झरीची, चाळिशीची, तोंडाने फटकळ. बाकीच्या बायका तिच्यामागून बोलतात.

"आला," मी म्हटलं.

"मग वाचा की. चहा थंड होतो."

"मला तसं वाचता येत नाही."

"अक्षरं येतात ना? बाय तर चौथीच शिकलेली."

हिरकणीला त्या बाय म्हणायच्या. मी पेपर घेऊन आलो. पालथ्या पेटीवर बसलो नाही, उभा राहूनच वाचलं. "नाना वजनकाटा आणतो. बोक्याला उचलून काट्यावर ठेवतो. नाना म्हणतो, सात किलो! बोका म्हणतो, त्यात माझी झोपपण आली."

कोणी हसलं नाही.

"मग?" नवशीने विचारलं. नवशी सगळ्यांत म्हातारी, हात मात्र सगळ्यांपेक्षा वेगात चालतात.

"संपलं."

"एवढाच?"

"तीनच चौकोन असतात."

"आन् भुरी काय बोलली?"

"कोण भुरी?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. रूपीने हातातला चिकू खाली ठेवला. "शेठ, भुरी. त्याची बायको."

"बोक्याला बायको नाही."

"नाय कशी? एवढी वर्षं ऐकतो आम्ही. तुम्ही पेपर बदलला काय?"

"पेपर तोच आहे."

"मग नीट बघा," रूपी म्हणाली. "ट्रंकेखाली असेल. ती ट्रंकेखालीच असते."

मी खरंच बघितलं. ट्रंकेखाली काही नव्हतं. काळी रेघ होती.

मला वाटलं, माझ्याच वाचनातून सुटलं असेल. आधी मी काही रोज वाचत नव्हतो. मालाच्या दिवसांत आठ-आठ दिवस पेपर हातात यायचा नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर चिमणला विचारलं. चिमण आमचा पेपरवाला. घरी गुजराती बोलतो, धंद्यात मराठी. गिऱ्हाईक नसलं की स्वतःचेच पेपर वाचत बसतो.

"चिमण, सुभेदाराच्या बायकोचं चित्र शेवटचं कधी आलं होतं?"

"कोणाची बायको?"

"सुभेदाराची. भुरी नावाची मांजर."

"काका, मी बापाच्या वेळेपासून हा पेपर टाकतो. त्या बोक्याचं लगन झालंच नाय. नानाचं नाय झालं, तर बोक्याचं कुठून होणार?" मग तो जरा थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, चहा मागवू? बसा ना थोडे."

मी बसलो नाही. घरी येऊन शेडच्या दारापाशी गेलो. त्या दिवशी रविवार होता, काम बंद होतं. बादलीत पाणी घेतलं, फडकं भिजवून दारावर दाबून धरलं आणि एक-एक थर सोडवायला लागलो. वरचे लगेच सुटले. श्रावणातले, आषाढातले. एकात नाना नवी छत्री शोधतोय आणि सुभेदार तिच्यात झोपलाय. एकात नाना योगासनं करताना अडकलाय आणि सुभेदार म्हणतो, "राहू दे. शोभतंय." जसजसा आत गेलो तसतसा कागद पिवळा झाला, शीत कडक झालं. मी प्रत्येक तुकडा जमिनीवर पसरत गेलो. त्या जाड शेपटीचा आठवडाही सापडला. मांजरी कुठेच नव्हती.

दुपारी जतीन आला. तो रविवारी येतो. दारात उभा राहिला. जमिनीवर सगळीकडे ओले बोके पसरले होते.

"पप्पा, काय शोधताय?"

"मांजरी."

"कुठली मांजरी?"

"पेपरातली. ह्याची बायको. नाहीच आहे ती."

जतीन चपला काढून आत आला, माझ्या हातातलं फडकं घेतलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मयुरा म्हणत होती, थोडे दिवस वापीला चला. हवापालट होईल."

"वापीची हवा?"

तो हसला. मग म्हणाला, "खरंच चला पण."

"माल आहे," मी म्हटलं.

सगळे थर निघाले नाहीत. खालचे प्लायवूडला धरून बसले होते. पण जेवढे निघाले तेवढ्यावरून मला कळलं. पेपरात भुरी कधीच नव्हती. हिरकणी बायकांना जे सांगत होती ते छापलेलं नव्हतं. छापलेलं ती डोळ्यांनी वाचायची आणि तोंडाने दुसरंच सांगायची.

सोमवारी चहाच्या वेळी मी पेपर बाजूला ठेवला. बायकांच्या समोर बसलो, पालथ्या पेटीवरच बसलो, दुसरी जागा नव्हती. म्हटलं, "भुरी काय करायची ते मला सांगा."

बारकी, रूपीची भावजय, तोंडाला पदर लावून म्हणाली, "लय बोलायची ती."

"काय बोलायची?"

"बोक्याला बोलायची, मी सकाळपासून तीन घरं फिरून आली, तू कूस तरी बदलली का?"

"मग बोका?"

"बोका बोलायचा, बदलली होती, तू बघितली नाय."

बायका हसायला लागल्या. मग एकेकीला आठवायला लागलं. भुरी पांढरी, पाठीवर भुरका डाग, अंगाने काटकुळी. एकदा ती रुसून कौलावर जाऊन बसली. बोलली, जेवलीस का म्हणून हा विचारेल तेव्हाच उतरेन. बोका काही विचारेना. शेवटी नानाने दह्याचं भांडं उघडं ठेवलं म्हणून तीच उतरली. उतरून त्याला म्हणाली, तुझ्यासाठी नाही आले, दह्यासाठी आले. एकदा बोक्याला सर्दी झाली, तर भुरीने गावभर सांगितलं की माझा नवरा आता मरतो. बोका ट्रंकेवरून म्हणाला, त्याला जरा हळू मर म्हण, मला झोप लागतेय.

"आन् फोन!" रूपी म्हणाली. "फोनचं सांगा कोणीतरी."

"तूच सांग."

"मी नाय. शेठ रागावतील."

"नाही रागावत," मी म्हटलं.

रूपीने एक चिकू कानाला लावला, मान एका बाजूला कलती केली आणि जड आवाजात म्हणाली, "हां, बोला. नमस्ते. उंदराचा भाव काय निघाला? काय सांगता शेठजी! ह्या भावात तर आमच्या मिशीचा खर्च नाय निघत. मोठा माल बघा ना, एकदम गोल उंदीर, एकसारखा, डाग नाय काय नाय."

बायका पोट धरून हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही तिकडे फोनवर असायचे," नवशी हळूच म्हणाली, "आन् बाय इकडे तुमचा आवाज काढायची."

मला राग आला नाही, हसूही आलं नाही. मी विचारलं, "हुबेहूब?"

"रूपी काय काढते! बाय काढायची तेव्हा आम्ही मागे वळून बघायचो, शेठ आले की काय."

मी रूपीला म्हटलं, "पुन्हा काढ." तिने पुन्हा काढला. मान कलती करायची सवय मला आहे, हे मला तेव्हा कळलं. रूपीने ती माझ्याकडून नाही, हिरकणीकडून घेतली होती.

चहा संपला, तरी कोणी उठेना. मग बारकीने विचारलं, "शेठ, मग तो गेला का तिला आणायला?"

"कोण?"

"बोका. भुरी माहेरी गेली ना."

तेव्हा ते सांगायचं राहिलेलं बाहेर आलं. हिरकणी शेवटच्या दिवशी शेडमध्ये आली तेव्हा तिने सांगितलं होतं की भुरी माहेरी गेली. तिचं माहेर अच्छाडला, गुजरातच्या सीमेजवळ, हायवेवरच्या ढाब्यात. तिची आई ढाब्यावरची, मटणाच्या हाडांवर वाढलेली. भुरी जाताना बोक्याला म्हणाली, मी जाते. चार दिवसांनी तू न्यायला ये. आपल्यात नवरा न्यायला येतो. तू आला नाहीस तर मी येणार नाही. एवढं सांगून हिरकणीने पोटाला हात लावला, तुकडा दारावर चिकटवला आणि म्हणाली, पुढचं उद्या सांगते. त्याच रात्री तिला नेलं.

अच्छाड म्हटल्यावर मला गाडी आठवली. जतीन चालवत होता. अच्छाडला ट्रकांची रांग लागली होती, गाडी हलत नव्हती. हिरकणीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ढाब्याच्या दिव्यांचा उजेड काचेवर आला तशी तिने डोळे उघडले. म्हणाली, "तिचं माहेर आलं." मला वाटलं, तापात बोलतेय. मी म्हटलं, "पाणी देऊ?"

बायका उत्तराची वाट बघत होत्या.

"मला काय माहीत, गेला की नाही," मी म्हटलं.

"तुमच्या घरातली गोष्ट हाय," रूपी म्हणाली. "तुम्हाला नाय माहीत तर कोणाला?"

"विचार करून सांगतो."

त्यानंतर रोज चहाला पहिला प्रश्न तोच. "गेला का?" मी म्हणायचो, "अजून नाही." रूपी म्हणायची, "ह्याची कूस बदलायला दिवाळी येते." त्या हसायच्या आणि मी दिवसाचा सुभेदार छापलेला तसा वाचायचो. तो आता त्या ऐकून घ्यायच्या, पाहुण्याचं बोलणं ऐकतात तसा.

गेला आणि घेऊन आला, असं म्हणणं सोपं होतं. त्यांना तेच हवं होतं. पण हिरकणी परत आली नव्हती हे शेडमधल्या प्रत्येकीला माहीत होतं, आणि मी तिच्या पेटीवर बसून भुरी आली असं म्हटलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या, मला बरं वाटावं म्हणून. ते मला नको होतं. दुसरं जे होतं ते मला बोलायचं नव्हतं. ते मी अजून कोणाहीपुढे बोललो नव्हतो. बोलायची वेळच आली नव्हती.

त्याच सुमाराला जमीन हलायला लागली. धुंदलवाडी, तलासरी, आमच्याकडेही. पहिला मोठा धक्का बसला तेव्हा मी पलंगावर होतो. भांडी वाजली. मला वाटलं ट्रक गेला. सकाळी बायकांनी सांगितलं तेव्हा कळलं. झरीला लोक घराबाहेर झोपायला लागले होते. पोरांना घेऊन, थंडीत. सरकारने तंबू दिले ते दव पडून भिजायचे.

"बोक्याच्या घरी हालतं का?" नवशीने विचारलं.

मी पेपर बघितला. "नाही. तो बसलाय."

"त्याचं बरं हाय."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका दिवसात बरेच धक्के बसले. दुसऱ्या सकाळी टेम्पोतून निम्म्याच बायका उतरल्या. नवशी आली होती. कामाला बसायच्या आधीच माझ्याकडे येऊन म्हणाली, "शेठ, उद्यापासून मी नाय. पोरगा बोलतो, नातवंडांकडे थांब. भिंतीला चीर गेली."

"बरं," मी म्हटलं.

"मग आज सांगा."

"काय?"

"गेला का तो. मी किती दिवस ऐकायचं, अजून नाय, अजून नाय? बाय पण अर्ध्यात ठेवून गेली. तुम्ही पण अर्ध्यात ठेवणार?"

चहा झाला. मी पेपर उघडला. त्या दिवशी पहिल्या चौकोनात नाना पिशवी भरत होता. दुसऱ्यात तो म्हणत होता, "चलतोस का, सुभेदार?" तिसऱ्यात सुभेदार म्हणतो, "मी आलो तर इथे कोण बसणार?"

"बघा!" रूपी म्हणाली. "नाय गेला. मी बोललेच होते. असले नवरे..."

"गेला," मी म्हटलं.

रूपी थांबली. नवशीने चहाचा पेला खाली ठेवला.

"कसा गेला? चालत?"

"गाडीतून."

"बोक्याला गाडी कोणी दिली?"

"नानाने."

"नाना दिसतो तसा नाय," बारकी म्हणाली.

"अच्छाडला ट्रकांची रांग होती," मी म्हटलं. "गाडी पुढे जाईना. तो खिडकीतून बघत बसला."

"मग उतरायचं ना! ढाबा समोरच हाय."

"उतरला. पोचला. ती खाटेवर होती. तिच्याजवळ बसला. तिने विचारलं, जेवलास का. तो हो म्हणाला. जेवला नव्हता."

"तिनेच विचारलं बघ," रूपी बारकीला म्हणाली.

"मग घेऊन आला?" नवशीने विचारलं.

"नाही."

"का? तो गेला ना न्यायला?"

"गेला होता. पण ती मेली."

मोटर बंद होती, त्यामुळे शब्द सगळ्यांना ऐकू गेला. मलाही. मी पुन्हा म्हटलं, "भुरी मेली. तो एकटाच परत आला. येऊन ट्रंकेवर बसला."

बारकीने एक चिकू उचलला, मोठ्या ढिगात टाकला, मग तो बारका आहे म्हणून परत काढला. नवशी माझ्याकडे बघत होती. तिला राग आला होता.

"बायने असं केलं नसतं," ती म्हणाली. "बायने तिला आणलं असतं."

"हो. तिने आणलं असतं."

"मग तुम्ही का नाय आणलं?"

"मला तसं येत नाही, नवशी."

ती हात पुसून कामाला लागली. संध्याकाळी टेम्पोत बसताना माझ्याशी बोलली नाही. मी तिला घरी न्यायला पिशवीभर पिकलेले चिकू दिले, ते तिने घेतले.

त्या दिवशी घरी आलो. जेवायला बसलो आणि आमटी तिखट लागली. कितीतरी दिवसांत चव लागली नव्हती. नुसतं तिखट लागलं, बाकी काही नाही. मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी नवशी आली नाही. चहाच्या वेळी रूपी म्हणाली, "शेठ, म्हातारीने काल टेम्पोत निरोप दिलाय. तिने विचारलंय, भुरीचे दिवस कोणी घातले?"

"काय?"

"मेली ना ती? मग दिवस नको घालायला? म्हातारी बोलते, दिवस घातले नाय तर ती तशीच फिरत राहील अच्छाडला, ट्रकांमध्ये. बोक्याने घातले का?"

मी विचार केला. "नानाने घातले. बोका बसला होता."

"त्याला काय येतंय," रूपी म्हणाली. "किती लोक आले?"

"बरेच आले. कळूनच आले सगळे."

"जेवायला काय केलेलं?"

हिरकणीच्या तेराव्याला काय केलं होतं ते मला आठवेना. पंगत होती, पानं होती, जतीन वाकून वाढत होता एवढं दिसलं. पानात काय होतं ते दिसलं नाही. बायका वाट बघत होत्या.

"बोंबील," मी म्हटलं.

"दिवसाला बोंबील?" बारकी ओरडलीच.

"मांजरांचे दिवस ते. वरणभात कोण खाणार?"

रूपी हसली. तोंडावर हात ठेवून हसली, मग हात काढून. बारकीही हसायला लागली. मागे कोणीतरी दुसरीला परत सांगितलं, बोंबील केले होते, बोंबील, आणि तीही हसली.

"सुके की ओले?" रूपीने विचारलं.

"ओले."

"मग तळून का रश्शाचे?"

"दोन्ही."

"आन् वाढले कोणी?"

ते मी अजून ठरवलं नव्हतं.